गवती चहा: परसातला ठोंब, खानदेशी भट्टी आणि जंतुनाशक तेल

गवती चहा ही गवताच्या कुळातली बहुवर्षायू वनस्पती आहे. ऊस, ज्वारी आणि वाळा हे तिचे जवळचे नातलग. एका ठोंबातून अनेक पाती फुटतात आणि कमरेएवढ्या वाढून टोकाशी लवतात. पातीची कड धारदार असते. उलट्या बाजूने हात फिरवला तर बोट कापते. पात चुरगाळली की लिंबाचा वास दरवळतो. हा वास पानातील विशिष्ट पेशींत साठलेल्या बाष्पनशील तेलाचा असतो. ताज्या पानात या तेलाचे प्रमाण साधारण ०.२ ते ०.५ टक्के असते आणि तेलाचा ७० ते ८५ टक्के भाग सिट्रल या एकाच द्रव्याचा असतो. गवती चहाचा स्वाद, अत्तराच्या बाजारातली त्याची किंमत आणि त्याचा जंतुनाशक गुण या तिन्ही गोष्टी मुख्यतः सिट्रलवर अवलंबून आहेत. मात्र चहाच्या कपात उतरणारे सिट्रल आणि शुद्ध तेलातले सिट्रल यांच्या प्रमाणात फार मोठे अंतर आहे. या वनस्पतीच्या औषधी लौकिकाचा इतिहास समजून घ्यायचा तर हे अंतर लक्षात ठेवावे लागते.

प्राचीन उल्लेख आणि शास्त्रीय नावे

सुगंधी गवतांची ओळख भारतीय वैद्यकाला फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हरितवर्ग म्हणून ओल्या, तिखट-सुगंधी वनस्पतींचा एक गट दिलेला आहे. त्यात आले, मुळा, तुळशीचे प्रकार यांच्या जोडीला भूस्तृण येते. ते तिखट, रूक्ष, उष्ण आणि तोंड स्वच्छ करणारे मानले आहे. भूस्तृण म्हणजे नेमका आजचा गवती चहाच, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. भारतात या वंशाच्या अनेक जाती आढळतात, त्यांचे वास एकमेकांत मिसळणारे आहेत आणि जुन्या ग्रंथांत वनस्पतीचे चित्र नसते. भूस्तृण, गंधतृण, रोहिष ही नावे निरनिराळ्या टीकाकारांनी आणि प्रांतांनी निरनिराळ्या गवतांना लावली. तरीही सुगंधी गवत उष्ण, पाचक आणि मुखशुद्धी करणारे असते, ही समजूत आजच्या घरगुती वापरापर्यंत अखंड चालत आली आहे.

युरोपीय वनस्पतिशास्त्रात ही गवते टप्प्याटप्प्याने दाखल झाली. रम्फियस या डच कंपनीच्या नोकरीतील निसर्गअभ्यासकाने सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहून तिथल्या सुगंधी गवताचे वर्णन केले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७४१ पासून छापला गेला. टिपूविरुद्धच्या मोहिमेत ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रेंच अधिकारी क्लॉड मार्टिन याला बालाघाटच्या पठारावर एक सुवासिक गवत दिसले. त्याने त्याचे बी लखनौला नेऊन लावले आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील विल्यम रॉक्सबर्ग याच्याकडे पाठवले. रॉक्सबर्गने त्या गवताला मार्टिनचे नाव दिले. हेच रोशा गवत. गवती चहाच्या जातीला १८१३ मध्ये माँपेलिए येथील उद्यानाच्या यादीत द कांदोल याने नाव दिले. पुढे १९०६ मध्ये क्यू येथील ओटो स्टाफ याने भारत आणि श्रीलंकेतील तेलगवतांचा सविस्तर आढावा घेऊन त्यांच्यातला गोंधळ बराचसा निस्तरला. त्याच्या मांडणीनुसार परसात लावला जाणारा गवती चहा म्हणजे सिंबोपोगॉन सिट्रेटस, केरळच्या डोंगरउतारांवरचे तेलाचे गवत म्हणजे सिंबोपोगॉन फ्लेक्झुओसस आणि रोशा म्हणजे सिंबोपोगॉन मार्टिनाय.

यांतला पहिला जंगलात जवळजवळ सापडतच नाही. त्याला क्वचितच फुलोरा येतो आणि बी धरत नाही, म्हणून तो माणसाच्या हातूनच पसरला. पावसाळ्याच्या तोंडी जुना ठोंब खणून काढायचा, त्याची फुटवे-मुळांसकट फाड करायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायची, हीच त्याच्या प्रसाराची रीत. कोकणात आणि देशावर तो बहुधा न्हाणीच्या सांडपाण्यावर किंवा विहिरीच्या कडेला लावलेला दिसतो, कारण त्याला वेगळे पाणी घालावे लागत नाही.

चहाशी सोयरीक

पश्चिम भारतात चहा आधी औषध म्हणून आला आणि मसाल्यांसह आला. सुरतेच्या इंग्रज वखारीत १६८९ च्या सुमारास राहिलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने आपल्या प्रवासवर्णनात तिथले बनिये चहा गरम मसाल्यांसह उकळून किंवा खडीसाखर घालून पितात, आणि डोकेदुखी व पोटाच्या तक्रारींवर तो गुणकारी मानतात, अशी नोंद केली आहे. हा चहा चीनहून येत असे आणि महाग होता. आसामात चहाची लागवड १८३० च्या दशकात सुरू झाली, तरी तिथला माल प्रामुख्याने इंग्लंडला जाई. देशातल्या घराघरांत चहा पोचवण्याचे नेटाचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्यातून प्रचाराला पैसा मिळाला. १९३० च्या दशकात ही मोहीम गावोगावी पोचली.

त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक घरांत गवताच्या पातीचा काढा आधीपासून होता आणि चहाची पूड नंतर आली. दोन्ही एका भांड्यात आले तेव्हा या गवतालाच गवती चहा, ओला चहा, हिरवा चहा, पातीचा चहा अशी नावे रूढ झाली. गुजरातीत त्याला लीली चा म्हणतात. मुंबईच्या पारशी घरांत पुदिना आणि लीली चा घातलेला दुधाळ चहा सकाळच्या न्याहारीचा ठरलेला भाग आहे. मराठी घरांत त्याची जोडी आल्याशी जमली. पावसाळ्यात भाजीबाजारात आल्याच्या शेजारीच गवती चहाच्या जुड्या मांडलेल्या असतात.

करण्याची रीत साधी असली तरी तिच्यात एक विचार आहे. पाती धुऊन, मुडपून त्यांची सैल गाठ मारतात किंवा कात्रीने बोटभर तुकडे करतात. गाठ मारताना पात मोडते, पेशी फुटतात आणि तेल सुटे होते. शिवाय गाठ नंतर सहज उचलून टाकता येते. पाण्याला आधण आले की ठेचलेले आले आणि मग पात घालतात, आच मंद करतात आणि भांड्यावर झाकण ठेवतात. चहाची पूड त्यानंतर, दूध सर्वांत शेवटी. झाकणाला महत्त्व आहे, कारण पातीतले तेल वाफेबरोबर उडून जाते. उघड्या भांड्यात खूप वेळ उकळलेल्या पातीचा वास घरभर होतो आणि कपात थोडाच उरतो. सर्दी-पडशात किंवा तापात काढा करतात तेव्हा सुंठ, मिरी, तुळस, दालचिनी आणि गूळ यांची भर पडते, दूध घालत नाहीत. काढा कढतच पिऊन पांघरूण घेऊन निजायचे आणि घाम येऊ द्यायचा, हा त्याचा जुना पथ्यविधी आहे.

भट्ट्या आणि बाजार

घरगुती काढा पानापासून होत असे, तर व्यापार तेलाचा होता. या व्यापाराचे पश्चिम भारतातले मोठे केंद्र खानदेशात होते आणि ते गवती चहाचे नव्हे, तर त्याच्या भावंडाचे म्हणजे रोशा गवताचे होते. १८८० च्या मुंबई गॅझेटियरमध्ये पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे या भागांतल्या रोशा तेलाच्या भट्ट्यांचे वर्णन आहे. पावसाळा सरता सरता डोंगरउतारांवर गवत फुलोऱ्यावर आले की भिल्ल ते कापून आणत आणि मुसलमान भट्टीवाले विकत घेत. कोवळ्या, निळसर-पांढऱ्या फुलोऱ्याच्या गवताला मोतिया म्हणत आणि पिकून तांबूस झालेल्याला सोफिया. मोतियाचे तेल गुलाबाच्या वासाकडे झुकणारे, म्हणून अधिक मोलाचे.

भट्टी ओढ्याकाठी लागे, कारण सरपण आणि वाहते पाणी दोन्ही हाताशी हवे. जमिनीत चूल खणून तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई बसवत, तिच्यात पाणी ओतून ती चिरलेल्या गवताने काठोकाठ भरत आणि तोंडावर धातूचे झाकण ठेवून त्याच्या सांधी कणकेने लिंपत. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे. तिच्यावर कणकेत भिजवलेले कापड गुंडाळून वरून दोरी आवळत. नळीचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाई. नळीतून आलेली वाफ तिथे थंड होऊन पाणी साचे आणि त्यावर तेलाचा तवंग येई. तो चमच्याने निपटून बुधल्यांत भरत आणि माल घाट उतरून सुरतेला किंवा धुळे-मनमाडमार्गे मुंबईला जाई. मुंबईहून तो तांबड्या समुद्रातल्या बंदरांवाटे तुर्कस्तानात पोचे. तिथे तो गुलाबाच्या अत्तरात मिसळला जाई, कारण रोशा तेलातले जिरॅनिऑल हे द्रव्य गुलाबाच्या तेलातही असते.

लिंबाच्या वासाचे तेल दक्षिणेकडून येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोर आणि मलबारच्या डोंगरांत फ्लेक्झुओसस गवत जाळून-कापून वाढवण्याचा आणि तेल काढण्याचा धंदा वाढला. माल कोचीन बंदरातून निघे, म्हणून जगाच्या बाजारात तो कोचीन तेल म्हणून ओळखला गेला. त्याला मोठी मागणी आली ती रसायनशास्त्रामुळे. १८९३ मध्ये बर्लिनमध्ये टीमान आणि क्रूगर यांनी सिट्रलपासून आयोनोन तयार केले. त्याला व्हायोलेट फुलांचा वास येतो. खऱ्या फुलांचे अत्तर अतिशय महाग असल्याने साबण आणि सुगंधाच्या कारखान्यांना आयोनोन हवेच होते. पुढे १९४७ मध्ये बाझेल येथे ओटो इसलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बीटा-आयोनोनपासून जीवनसत्त्व ‘अ’ तयार करण्याची कारखान्याला परवडणारी रीत शोधली आणि केरळच्या गवताचा संबंध औषध उद्योगाशी जुळला. १९५१ मध्ये एर्नाकुळम जिल्ह्यात ओडक्काली येथे या गवतासाठी संशोधन केंद्र सुरू झाले. ‘सुगंधी’ ही सुधारित जात तिथलीच. कालांतराने ग्वाटेमालासारख्या देशांची स्पर्धा आणि कारखान्यात बनवलेले स्वस्त सिट्रल यांमुळे कोचीन तेलाची मक्तेदारी संपली.

औषधाच्या यादीपासून जंतूंपर्यंत

ब्रिटिश काळातल्या डॉक्टरांनी हे तेल लवकरच स्वीकारले. १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ या अधिकृत ग्रंथात गवती चहाच्या तेलाला स्थान मिळाले. पोटातला वायू सरावा म्हणून, पटकीतली ओकारी थांबावी म्हणून थोडे थेंब साखरेवर घालून पोटात, आणि संधिवातावर बाहेरून चोळायला, असे त्याचे उपयोग सांगितले होते. पटकी कशामुळे होते हे तेव्हा ठाऊक नव्हते. रोबर्ट कॉख याने पटकीचा जंतू इजिप्तमध्ये आणि मग १८८४ मध्ये कलकत्त्यात ओळखून दाखवला, त्याला अजून दीड दशकाचा अवकाश होता.

जंतू ही रोगांची कारणे आहेत हे सिद्ध झाल्यावर जुन्या सुगंधी औषधांकडे नव्या प्रश्नाने पाहिले गेले: यांनी जंतू मरतात का? पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने १८८७ मध्ये वनस्पतिजन्य तेलांचा काळपुळीच्या म्हणजे अँथ्रॅक्सच्या जंतूवर होणारा परिणाम तपासला. १९०३ मध्ये रिडील आणि वॉकर यांनी जंतुनाशकांची ताकद कार्बॉलिक आम्लाच्या तुलनेत आकड्यात मांडण्याची पद्धत दिली. साध्या चहाचीही परीक्षा झाली. ब्रिटिश लष्करी डॉक्टर मेजर मॅक्नॉट याने १९०६ मध्ये विषमज्वराचा जंतू थंड चहात घालून पाहिला, तेव्हा काही तासांत त्याची संख्या घटलेली आढळली. चहाच्या पानातील कॅटेचिन गटाची द्रव्ये जंतूंना मारक असतात, हे नंतर स्पष्ट झाले. गवती चहात कॅटेचिनांना असे महत्त्व नाही आणि कॅफिन तर मुळीच नसते. त्याची जंतूंशी झुंज वेगळ्या द्रव्याच्या बळावर चालते.

ते द्रव्य कोणते, याचा सरळ उलगडा नायजेरियात झाला. तिथेही गवती चहाचा काढा तापावर दिला जातो. ओनावुन्मी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेलाचे घटक वेगळे करून प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा घेतली. सिट्रल हे जिरॅनिअल आणि नेरल या दोन जुळ्या रेणूंचे मिश्रण असते. दोन्ही रेणू ग्रॅम-धन आणि ग्रॅम-ऋण अशा दोन्ही गटांतल्या जंतूंवर परिणामकारक ठरले. तेलातला आणखी एक घटक, मिर्सीन, एकटा निष्प्रभ होता, पण इतर दोघांत मिसळल्यावर त्यांची ताकद वाढली. संपूर्ण तेल त्याच्या एखाद्या घटकापेक्षा अधिक काम करू शकते, याचा हा प्रयोगाने मिळालेला पुरावा होता.

१९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील हॅमर, कार्सन आणि रायली यांनी ५२ वनस्पतिजन्य तेले आणि अर्क १० सूक्ष्मजीवांवर तपासले. त्यांत पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, आतड्यातला ई. कोलाय, साल्मोनेला, कँडिडा ही बुरशी आणि चिवट स्यूडोमोनस यांचा समावेश होता. सगळ्या दहांना २ टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणात रोखणारी तेले तीनच निघाली. गवती चहाचे तेल त्यांपैकी एक होते.

सिट्रलचे कार्य त्याच्या तेलकट स्वभावामुळे चालते. जंतूच्या पेशीभोवतीचे पटल मेदद्रव्यांचे असते. सिट्रल त्यात विरघळून शिरते, पटलाची घडी विस्कटते आणि आतले क्षार व इतर आवश्यक द्रव्ये बाहेर झिरपू लागतात. ग्रॅम-ऋण जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असते आणि ते तेलकट रेणूंना अडवते. म्हणून हे जंतू, त्यांतही स्यूडोमोनस, तुलनेने दाद देत नाहीत, तर एकपदरी आवरणाचे स्टॅफिलोकोकससारखे जंतू लवकर बळी पडतात.

कपातला गुण

प्रयोगशाळेतले हे निष्कर्ष तेलाचे आहेत. कपातल्या चहाला ते जसेच्या तसे लावणे बरोबर नाही, हे साध्या हिशोबाने कळते. दहा ग्रॅम ताज्या पातीत ०.४ टक्के तेल धरले तर ते ४० मिलिग्रॅम भरते. ते सगळेच्या सगळे २०० मिलिलिटर पाण्यात उतरले असे मानले, तरी प्रमाण ०.०२ टक्के होते. प्रत्यक्षात तेल पाण्यात फारसे विरघळत नाही. काही वाफेबरोबर जाते, काही पातीतच राहते. पोटात गेल्यावर ते आणखी विरळ होते आणि शरीर सिट्रलचे विघटन लवकर करते. त्यामुळे काढ्याने फुप्फुसातला किंवा रक्तातला जंतुसंसर्ग बरा होतो, असे मानायला आधार नाही. असा संसर्ग झाला असेल तर वैद्यकीय उपचारच हवेत आणि काढ्याच्या भरवशावर ते लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे.

काढ्याच्या इतर लौकिकाचीही अशीच परीक्षा झाली आहे. ब्राझीलमध्ये हा चहा मन शांत करणारा आणि झोप आणणारा म्हणून घराघरांत पितात. कार्लिनी यांच्या गटाने १९८६ मध्ये प्राण्यांवर आणि निरोगी माणसांवर प्रयोग केले, तेव्हा असा परिणाम आढळला नाही. त्याच वेळी नेहमीच्या प्रमाणातला चहा अपायकारक नसल्याचेही दिसले.

काढ्याचे खरे फायदे तरीही कमी नाहीत. पटकी आणि विषमज्वर घरोघर बळी घेत होते त्या काळात, उकळलेले पाणी पिण्याची सवय हीच मोठी संरक्षक ढाल होती आणि काढ्याने ती रुचकर करून दिली. तापात शरीरातले पाणी घटते. गरम, गोडसर, सुवासिक पेय आजाऱ्याला घोट घोट पाजता येते. वाफेने चोंदलेले नाक आणि धरलेला घसा यांना उतार पडतो. पोटाच्या गुबारीवर त्याचा उपयोग शतकानुशतके सांगितला गेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांनी हा काढा केला, त्यांनी पाणी खळखळून उकळले, पात शेवटी घातली आणि झाकण ठेवले. आजाऱ्याला त्यातून खरोखरच मदत होत होती आणि तिचे श्रेय त्या रीतीला द्यायला हवे.

शुद्ध तेलाचा मार्ग निराळा आहे. आज ते साबण, फरशी पुसण्याची द्रावणे, डासांना दूर ठेवणारी मलमे आणि खाद्यपदार्थांचा स्वाद यांत वापरले जाते. फळे आणि इतर अन्न टिकवण्यासाठी त्याचे लेप व वेष्टने करण्यावर संशोधन चालू आहे. औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवरही ते प्रयोगशाळेत परिणामकारक दिसले आहे. मात्र ते तीव्र असते. निर्भेळ तेल कातडीवर लावले तर आग आणि पुरळ येऊ शकते आणि घरच्या घरी ते पोटात घेणे असुरक्षित आहे. पातीचा चहा रोज पिता येतो. तेल मात्र थेंबांनी मोजून, पातळ करून आणि बाहेरूनच वापरायचे असते.